वळणावरची दोरी

पोरांनो, जिथे बसला आहात तिथेच पाठीवर आडवे व्हा आणि बरगड्या संपतात तिथे, पोटावर, एक हात ठेवा. श्वास आत घ्या. हात वर आला ना? सोडा. हात खाली गेला. आता डोळे मिटा आणि असं समजा, की तुमच्या उजव्या फुफ्फुसाच्या अगदी तळाला एक लिंबू अडकून बसलं आहे. श्वास आत घेतला की फुफ्फुस पसरतं आणि लिंबू खाली, पोटाकडे सरकतं. श्वास सोडला की पुन्हा वर. तुम्ही झोपलात तरी त्याची ये-जा थांबत नाही.

आणखी थोडं समजा. छताला एक बॅटरी पक्की बसवली आहे. तिचा उजेड खाली एका लहानशा चौकोनातच पडतो. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही आणि जिथे पडेल तिथे आतपर्यंत जाळतो. तो लिंबावर पडायला हवा, आजूबाजूला नको. पण लिंबू चौकोनात येतं आणि निघून जातं, येतं आणि निघून जातं. काय कराल?

मी हा प्रश्न वर्गात विचारला की एक पोर हटकून म्हणतं, "चौकोन मोठा करा." दुसरं म्हणतं, "श्वास रोखून धरा." दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्हींत एकेक अडचण आहे. त्या अडचणींचीच ही गोष्ट.

समजा, रत्नागिरीत समुद्राच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या कातळावर एक दवाखाना आहे. साल अठ्ठ्याऐंशी. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, तिच्या भिंती हातभरापेक्षा जाड. आत कोबाल्टचं यंत्र. लोक त्याला 'शेक देण्याचं मशीन' म्हणत. फुफ्फुसात, घशात, स्तनात कॅन्सरची गाठ असलेली माणसं तिथे शेक घ्यायला येत. शेक चालू असताना आत रोग्याशिवाय कोणी थांबायचं नाही. आणि ही किरणं सरळ रेषेत जातात, त्यांना कोपऱ्यावरून नीट वळता येत नाही, म्हणून खोलीकडे जाणारी वाट मुद्दाम वळणाची बांधलेली. बाहेर जड दार, दारातून आत गेलं की अरुंद बोळ, बोळाला एक वळण, आणि मग खोली. बाहेर बसणाऱ्याला भिंतीतल्या जाड पिवळट काचेतून खोली दिसे. दारात उभं राहिलं तर बोळाचा अलीकडचा भाग दिसे. वळण मात्र कुठूनच दिसत नसे.

या खोलीत रमजान नाना शेक घ्यायला आले. त्यांच्यासोबत त्यांची लेक फरीदा आणि फरीदाची मुलगी आसिया. आसियाचे वडील मस्कतला कामाला होते, त्यामुळे घरातल्या सगळ्या धावपळीत आसियाचा हात असेच. तिघं बंदराजवळच्या मिरकरवाड्यात फरीदाच्या मावशीकडे उतरली होती.

नाना हर्ण्याचे. त्यांचं काम बुडी मारायचं. होडीचा नांगर खडकात अडकला, जाळं तळाशी गुंतलं, की केळशीपासून बुरोंडीपर्यंतचे लोक रमजानला बोलवायला माणूस पाठवत. कमरेला दोरी बांधून, दातांत सुरी धरून नाना खाली जात आणि काम करूनच वर येत. दम तरी किती होता म्हणता! डॉक्टरांना पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "डॉक्टरसाहेब, मी खाली गेलो की वरचे लोक विडी पेटवतात. विडी संपते, दुसरी पेटते, तवा मी वर."

"आणि तुमच्या विड्या?" डॉक्टर बिवलकरांनी विचारलं.

"त्या वर आल्यावर," नाना म्हणाले. फरीदाने कपाळाला हात लावला.

डॉक्टर बिवलकर उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी नानांना एक्सरेच्या पडद्यामागे उभं केलं आणि आसियालाही लांबून बघू दिलं. हिरवट उजेडात नानांच्या बरगड्या दिसल्या आणि खाली उजवीकडे ती गाठ. नाना श्वास घेत होते तशी गाठ लाटेवरच्या बोयासारखी खालीवर होत होती.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाले. "गाठ इतकी हलते की तिला सगळीकडे पकडायची तर शेकाची खिडकी मोठी ठेवावी लागेल. मग चांगलं फुफ्फुसही भाजेल. एरवी मी तसंच करतो. पण तुमचं डावं फुफ्फुस गेल्या वर्षीच्या टीबीने कामातून गेलंय. जगताय ते या उजव्यावर. ते भाजलं तर..."

"तर बुडालो," नाना म्हणाले.

"म्हणून खिडकी लहान ठेवायची आणि तुम्ही श्वास धरायचा. तुम्ही धरलात की मशीन चालू, सोडलात की बंद. थोडा थोडा शेक, असा रोज. बाहेरच्या देशांत काही जण असं करून बघतायत. आपणही बघू."

नाना हसले. श्वास धरायला त्यांना कोणी शिकवायचं?

पण नेमकं तिथेच घोडं अडलं. नाना श्वास धरत तो बुडी मारणाऱ्याचा. आधी चार मोठे श्वास घ्यायचे, मग छाती फुगवून तुडुंब भरायची, आणि खाली गेल्यावर तोंडाच्या कोपऱ्यातून हवा थेंबाथेंबाने सोडत राहायची. तशी सोडली की छातीवरचा दाब हलका होतो, माणूस जास्त टिकतो. साऱ्या आयुष्याची ती सवय. पडद्यावर डॉक्टरांना दिसे, नानांनी श्वास धरला आहे आणि गाठ मात्र हळूहळू वर सरकतेच आहे. शिवाय प्रत्येक खेपेला छाती वेगळी भरलेली.

"नाना, मला जास्त दम नको," डॉक्टर म्हणाले. "सारखा दम हवा. अर्धा घ्या, तिथे थांबा, आणि थेंबही सोडू नका."

"अर्ध्या दमाने बुडी मारली तर वर प्रेतच येईल, डॉक्टर."

"इथे पाणी कुठाय?"

"सांगा तुम्ही माझ्या छातीला."

शिकवायचं काम आसियाने अंगावर घेतलं. दुपारी मावशीच्या पडवीत दोघं शेजारी शेजारी आडवी होत. आसिया नानांच्या पोटावर चहाची रिकामी बशी ठेवी. बशी एका ठरलेल्या उंचीला आली की ती म्हणे, "बस!" आणि नानांनी तिथेच थांबायचं. बशी खाली आली की ती ओरडे, "गळली, गळली!"

"काय गो, होडी आहे की काय मी गळायला?" नाना करवादत.

"ओठ घट्ट मिटा, नाना. कोपऱ्यातून जातेय."

थोड्याच दिवसांत बशी जागच्या जागी राहू लागली. नानांनी आयुष्यात प्रथमच अर्ध्या श्वासावर थांबायला शिकून घेतलं. हे सोपं नसतं. जे आपल्याला उत्तम येतं ते विसरून तेच काम दुसऱ्या रीतीने शिकायला फार मोठं मन लागतं, हे तुम्ही मोठे झालात की कळेल.

आता बाहेर बसणाऱ्याला नानांचा श्वास कुठे आहे हे कळायला हवं होतं. काचेतून तेवढं बारीक दिसत नसे. डॉक्टरांनी एक युक्ती काढली. नानांच्या पोटावरून एक दोरी आडवी घ्यायची, तिचं एक टोक टेबलाला पक्कं बांधायचं, दुसरं लहान लहान कप्प्यांच्या चाकांवरून बोळातून, वळणावरून, दाराच्या फटीखालून बाहेर आणायचं आणि टोकाला शिशाचा गोळा लटकवायचा. शेजारी उभी पट्टी, पट्टीवर लाल खूण. नानांनी श्वास घेतला, पोट फुगलं, की दोरी आत ओढली जाई आणि शिसं वर चढे. लाल खुणेशी शिसं थांबलं म्हणजे श्वास बरोबर अर्ध्यावर. मग मशीन चालू.

पहिली दोरी ताणली की लांबायची. तेव्हा नाना म्हणाले, "माझी घ्या." फरीदाने हर्ण्याहून येणाऱ्या एका माणसाकरवी ती मागवली. नानांची बुडीची दोरी. बारीक सुती पेड, वर्षानुवर्षं मेण चोळलेली, काळपट आणि गुळगुळीत. शिसं मिरकरवाड्यातल्या जाळ्यांचं.

मशीन चालवायला भिकाजी होता. तोंडाने फटकळ, कामाला चोख. त्याचा एक डोळा काचेवर, एक घड्याळावर. त्यामुळे शिशाकडे बघायचं काम आसियाला मिळालं. ती बाहेरच्या बाकावर बसून सांगे, "आलं... थांबलं." भिकाजी बटण दाबी, दारावरचा लाल दिवा लागे. शिसं हललं की ती म्हणे, "सुटलं," आणि दिवा विझे.

"आमच्या खात्यात नवीन ऑपरेटर आली," भिकाजी म्हणायचा. "माझी नोकरी ठेव गो बाय."

पहिला आठवडा सुरेख गेला. मग एका गुरुवारी सकाळी नानांनी श्वास धरला, शिसं खुणेशी येऊन थांबलं, दिवा लागला, आणि शिसं एकदम वर उडालं. हिसका बसल्यासारखं. लगेच खाली येऊन डुलू लागलं. भिकाजीने मशीन बंद केलं. आत नाना मोठमोठ्याने धापा टाकत होते.

भिकाजी दार उघडून आत गेला. पाठोपाठ आसिया.

"दोरी कशाला ओढलीस गो?" नाना म्हणाले.

"मी कुठे ओढली? मी हातसुद्धा लावत नाही, नाना."

"ओढलीस तू. मला कळलं ना. एक ओढ."

नानांच्या धंद्यात दोरीला भाषा होती. वरच्याने दोरी एकदा ओढली म्हणजे 'वर ये'. आणि बुडी मारणारा दोरीशी कधी वाद घालत नाही. खाली हातात काम अर्धं असो, छातीत दम शिल्लक असो, दोरी ओढली की वर यायचं. वरच्याला काय दिसलंय, वादळ की दुसरी होडी, ते खालच्याला माहीत नसतं. म्हणून नानांनी ओढ लागताच श्वास सोडला होता. विचार करायला ते थांबलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. श्वास धरून थोडा वेळ जातो न जातो तोच एक हिसका. नाना श्वास सोडत, गाठ खिडकीबाहेर जाई, शेक अर्धवट राही.

डॉक्टरांना वाटलं नाना हलतात. भिकाजीला वाटलं उंदीर असेल. त्याने बोळात पिंजरा लावला, पिंजऱ्यातलं खोबरं तसंच राहिलं. कप्प्यांना तेल घातलं. डॉक्टरांनी दोरी बदलून बाजारातली नवी लावली. ती तर लांबायची, पण हिसका तिलाही बसला. मग जुनीच पुन्हा आली.

आता पोरांनो, इथे थोडं डोकं चालवा, कारण आसियानेही चालवलं. एक दोरी घ्या. एका टोकाला एकजण आडवा, दुसऱ्या टोकाला वजन. आडव्या माणसाचं पोट फुगलं तर वजन वर जातं. पण भिकाजी काचेतून बघत होता, आणि एवढा हिसका बसण्याइतकं पोट हललं असतं तर ते काचेतूनही दिसलं असतं. ते हललेलं नव्हतं. बाहेरच्या माणसाने वजन ओढलं तर वजन खाली जातं. इथे तर ते वर गेलं होतं. आणि नानांनाही ओढ जाणवली होती. दोन्ही टोकांना एकाच वेळी ओढ लागते ती केव्हा?

आसियाने बाकावर बसल्या बसल्या शिशाचा प्रत्येक हिसका आठवून पाहिला. मग ती भिकाजीला म्हणाली, "भिकाजीकाका, दोरी मधेच ओढली तरच असं होतं."

"मधे कुठे?"

आसियाने दाराकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून वळणातून जाताना भिकाजी आधी खोकायचा, आत कोणी कपडे बदलत असावं तसा. फरीदाने दोरीवर फुंकर घालून दुवा म्हटली. डॉक्टर तेवढे हसले, पण त्यांनीही बोळात दुसरा दिवा लावून घेतला. वळणावर नवा दिवा लावला तरी तिथे उजेड कमीच वाटे. भिंती पांढऱ्या, जमीन पुसलेली, लपायला चिमणीएवढी जागा नाही. नुसती दोरी, कमरेच्या उंचीवरून गेलेली.

बुधवारी डॉक्टरांनी फरीदाला बोलावलं. आसिया बाहेर उभी राहून ऐकत होती.

"असं अर्धवट चालणार नाही," डॉक्टर म्हणत होते. "गाठ वाढेल. परवापर्यंत बघतो. नाहीतर श्वास धरणं सोडून देऊ आणि खिडकी मोठी करू."

"मग बरे होतील?"

"गाठ जळेल. फुफ्फुस टिकेल का, ते मी सांगू शकत नाही, फरीदाबाई. खरं सांगायचं तर टिकणार नाही असंच वाटतं."

त्या दुपारी पडवीत नाना पाय पसरून बसले होते. आसिया त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आत फरीदा चहा गाळत होती, किटलीचं झाकण वाजत होतं.

"नाना, खरं सांगा. कोण ओढतं?"

नानांनी नजर समोरच्या वाळत घातलेल्या जाळ्याकडे वळवली.

"अयूब," ते म्हणाले.

अयूब म्हणजे नानांचा धाकटा भाऊ. आसिया त्याला धाकले नाना म्हणायची. मागच्या वर्षी, नाना बुरोंडीला एका कामाची बोलणी करायला गेले असताना, तो हर्ण्याला घरात न्यूमोनियाने गेला. नाना परत आले तेव्हा कबरीवरची मातीसुद्धा वाळली होती.

"त्याची ओढ मला ठाऊक नाही होय? जन्मभर माझी दोरी त्याने धरली. दुसऱ्याच्या हातातली असती तर मी ओळखली असती की ही दुसऱ्याची." नानांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "दोरी धरणारा कसा असतो माहीत आहे? खालच्याने दम धरला की वर तोही धरतो. त्याचा संपला की ओढायची. अयूबची छाती ही एवढीशी. पुष्कळदा मी खाली गेलो न गेलो तोच ओढायचा. वर येऊन मी शिव्या घालायचो. म्हणायचो, अरे गाढवा, अजून दम होता! तर म्हणायचा, तुझा असेल. माझा संपला."

आसिया हसली नाही. "पण नाना, तुम्ही पाण्यात नाही आता."

"त्याला कुठे माहीत आहे? माझा श्वास थांबला एवढं त्याला कळतं. तो वर काढतो मला."

"मग उद्या ओढलं तरी सोडू नका ना श्वास."

नानांनी मान हलवली. "नाही जमत गो. मी ठरवून आत जातो. पण ओढ लागली की छाती माझं ऐकत नाही, त्याचं ऐकते. इतकी वर्षं ऐकलं म्हणून तर जिवंत आहे मी."

आतून फरीदाने चहा आणून ठेवला. तिने सगळं ऐकलं होतं. "अब्बा, पोरीला काय भलतंसलतं सांगता," ती म्हणाली, पण तिचा आवाज रागाचा नव्हता. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

आसियाने चहाला हात लावला नाही. तिच्या मनात दुसरंच चालू होतं.

"नाना, होडीवर दोरी धरणारा दमला, त्याला उलटी आली, काही झालं, आणि तुम्ही खाली आहात. मग काय करतात?"

"दुसरा धरतो."

"कसा?"

"नुसता हिसकावून नाही घ्यायची. खालच्याचा जीव असतो तिला. नव्याने पहिल्याच्या हाताच्या पुढे, समुद्राच्या बाजूला हात घालायचा. वजन आपल्या मुठीत आलं की तोंडाने म्हणायचं, 'आली.' ते ऐकलं की पहिला सोडतो. ऐकल्याशिवाय नाही सोडायची. हात तुटला तरी नाही." नानांनी आसियाकडे पाहिलं. "अयूबकडून कोणी घेतलीच नाही," ते हळूच म्हणाले. "तो गेला, मग मी आजारी पडलो. बुडीच नाही मारली. दोरी खुंटीला तशीच."

"तुम्ही सांगा ना त्यांना, सोडा म्हणून."

"मी?" नानांनी तोंड फिरवलं. "मी नाही सांगायचा. त्याला मी सोड कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना टेबलावर आडवे झाले. पोटावरून दोरी आली, बाहेर शिसं लटकलं, नानांच्या श्वासाबरोबर खालीवर होऊ लागलं. भिकाजी दार लावायला निघाला तशी आसिया बाकावरून उठली.

"मला आत जायचंय."

"आता? नानांना पाणी हवंय का?"

"वळणापर्यंत."

भिकाजीने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी आसियाकडे बघितलं. ते काही विचारतील असं वाटलं, पण त्यांनी नुसती यंत्राची किल्ली काढून आपल्या खिशात टाकली.

"मशीन बंद आहे. जायला काही धोका नाही," ते म्हणाले. "तिथे काही नाही, आसिया. मी पाहिलंय."

"हो," आसिया म्हणाली.

ती बोळात शिरली. तिच्या उजव्या हाताशी, कमरेच्या उंचीवर दोरी होती. बाहेर उन्हाने घाम येत होता, इथे चपलांतून गारवा वर चढत होता. मागे भिकाजी खोकला. मग तेही थांबलं. पुढे वळण आलं.

वळणावर कोणी नव्हतं. दोन दिवे होते, पांढरी भिंत होती, दोन्ही बाजूंच्या कप्प्यांमधून गेलेली दोरी होती. ताणलेली दोरी सरळ असते, पोरांनो. ही नव्हती. दोन कप्प्यांच्या बरोबर मधे ती जराशी खाली झुकली होती, आणि झुकलेल्या जागेवर थोडी चपटी झाली होती. मुठीत धरल्यावर होते तशी.

आसियाने बोट पुढे केलं. दोरी गार होती. ती बोट हळूहळू पुढे नेत गेली. गार, गार, आणि मग त्या जागी ती ऊबदार लागली. जणू नुकताच कुणाचा तरी तळवा तिथे होता. किंवा अजूनही होता. आसियाने बोट झटकन मागे घेतलं.

पळावंसं वाटलं तिला. पाय वळलेसुद्धा. पण तेवढ्यात खोलीतून नानांच्या श्वासाचा आवाज आला, घरघरत्या, एकाच फुफ्फुसाच्या श्वासाचा. त्या आवाजासरशी दोरी तिच्यासमोर हळूच आत सरके, हळूच बाहेर येई, पण ती झुकलेली जागा तिथल्या तिथे राही.

समुद्राची बाजू म्हणजे नानांची बाजू. आसिया वाकून दोरीखालून पलीकडे गेली, भिंतीला पाठ लावून त्या जागेला वळसा घातला, मधे अंग लागू नये म्हणून पोट आत ओढून. खोलीच्या बाजूला उभी राहून तिने झुकलेल्या जागेच्या पलीकडे मूठ घातली आणि दोरी घट्ट धरली. तळहातावर नानांचा श्वास लागला. आत, बाहेर.

तिने मूठ आणखी आवळली.

"आली," ती म्हणाली. आणि मग, तेवढं पुरेल की नाही असं वाटून, "धाकले नाना, मी आसिया. आली माझ्या हातात."

काही झालं नाही. दिव्याभोवती एक पाखरू फिरत होतं. आसिया उभी राहिली. तिला वाटलं, मी चुकले असेन, नानांनी सांगितलं त्यातलं काही राहिलं असेल. मग तिच्या मुठीत वजन आलं. सावकाश, आधी थोडं, मग आणखी, एकेक बोट सैल होत गेलं तर येईल तसं. शेवटी शिशाचा सगळा भार तिच्या हातात आला आणि दोरी डोळ्यांदेखत सरळ झाली.

खोलीतून नानांचा आवाज आला, "आसू?"

"मीच आहे, नाना."

ती दोरीवरून हात न उचलता, मूठ सरकवत, मागे मागे चालत बोळातून बाहेर आली. उंबऱ्यापाशी खाली वाकून तिने दोरी दाराच्या फटीत नीट बसवली. भिकाजीने दार लावलं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि नेहमीची थट्टा केली नाही. डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढून दिली.

"सांग," भिकाजी म्हणाला.

शिसं वर चढलं. लाल खुणेशी आलं.

"आलं... थांबलं."

दिवा लागला. आसियाने स्वतःचा श्वासही धरला होता. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा छाती जळू लागली होती आणि हात आपोआप दोरीकडे निघाला होता. तिने हात मागे घेतला. श्वास सोडला, पुन्हा घेतला, सोडला, घेतला. शिसं खुणेशी उभं होतं. रोज हिसका बसायचा ती वेळ आली. गेली. भिकाजीचं बोट बटणावर, नजर काचेवर. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते आणि त्यांच्या ओठांची हालचाल होत होती.

"झालं," ते म्हणाले. भिकाजीने दिवा बंद केला. आत नानांनी श्वास सोडला, शिसं खाली आलं. "पुन्हा. असंच."

शिसं पुन्हा वर चढू लागलं. त्याच वेळी आसियाला शेजारी कुणीतरी धापा टाकत असल्यासारखं वाटलं, लहानशा छातीच्या माणसाचा दम संपल्यावर येतो तसा आवाज. डॉक्टर दाराशी उभे होते, भिकाजी काचेशी. बाकावर ती एकटी होती.

आसियाने मान वळवली नाही. शिशावरची नजर न काढता ती बाकावर थोडी पलीकडे सरकली आणि शेजारी एका माणसाला बसता येईल एवढी जागा करून दिली.